नाल, माती आणि चंदी

खुरातली सड डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. आषाढात पावसानं आठवडाभर धरून ठेवलं, की संध्याकाळी घोड्याचा पाय उचलून तळवा उकरताना तो वास येतो आणि हात थांबतो. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याला नाल ठोकणारे, म्हणजे नालबंद, पुतळी म्हणतात. तिच्या मधल्या खाचेत बोटाला काळा, चिकट लगदा लागतो. निरोगी पुतळीत ही खाच उथळ आणि रुंद असते, अंगठा सहज टेकतो. सडलेल्या पुतळीत तीच खाच अरुंद चीर होऊन थेट टाचेपर्यंत वर जाते, आणि उकरणीचं टोक तिथं लागलं की घोडा पाय झटकतो.

आम्ही कोल्हापूरकडे, पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 ला गेलं की धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. घोडा सांभाळणाऱ्याचा धोका त्याच्या कितीतरी आधी, ठाणाची, म्हणजे घोडा बांधायच्या जागेची, जमीन वाळायची बंद झाली त्या दिवशी सुरू होतो. सड करणारे जंतू हवा नसलेल्या जागी पोसतात. मूत, शेण आणि चिखल पुतळीच्या खाचेत बसून राहिला की त्यांना आणखी काही लागत नाही.

दारात दोन जनावरं आहेत. मोती छकड्याला चालतो, त्याच्या पायात नाल असतात. लक्ष्मी अनवाणी आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी वाद घालतात. रंकाळ्यावर मुलांना घोड्यावरून फिरवणारे ओळखीचे आहेत, ते लक्ष्मीकडे बघून हळहळतात, "बिननालाची ठेवलीया व्हय? दगड टोचत असंल की तिला." पुण्या-मुंबईकडचे हौशी स्वार येतात, ते मोतीचे नाल बघून तोंड वाकडं करतात, लोखंड ठोकणं म्हणजे त्यांना क्रूरपणा वाटतो. दोघांनाही घोड्याची काळजी आहे, यात मला शंका नाही. पण दोघंही पाय उचलायच्या आधी निकाल देतात. नाल हवा की नको हे माणसाच्या मतावरून ठरत नाही. घोडा कुठल्या मातीवर उभा असतो, कुठल्या रस्त्यावर किती ओढतो आणि खातो काय, यावरून ते ठरतं. आणि खुराची बहुतेक दुखणी नालाच्या किंवा अनवाणीपणाच्या आधीच ठाणात आणि चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाणा-खुराकात, सुरू झालेली असतात.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. अंगाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर. खुराची भिंत केसांच्या कडेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. म्हणजे पुढच्या टोकाला वरून खाली यायला जवळपास वर्ष लागतं. टाच बुटकी, ती त्याच्या निम्म्या वेळात नवी होते. भिंतीच्या आत बारीक पापुद्र्यांची जाळी असते. एका बाजूचे पापुद्रे भिंतीला, दुसऱ्या बाजूचे आतल्या हाडाला, आणि एकमेकांत असे गुंतलेले की सगळा घोडा त्या पकडीवर टांगलेला असतो. पाऊल टेकलं की टाचा किंचित फाकतात, पुतळी आणि तिच्यावरची गादी दबते, आणि पायातलं रक्त वर जायला जोर मिळतो. हे फाकणं-मिटणं चालू राहिलं तर खूर जिवंत. नाल ठोकताना, खूर घासताना, ठाण घालताना मी हेच बघते, की हे फाकणं कुठं अडतंय का.

2019 च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा दोन्ही घोडे वर, जोतिबाच्या बाजूला नातेवाइकांच्या गोठ्यात हलवले होते. तिथं पोचेपर्यंत ते चिखल-पाण्यात बराच काळ उभे होते. खूर पाणी पिऊन मऊ पडले, मोतीचा पुढचा एक नाल चिखलात ओढून निघाला आणि जाताना भिंतीचा एक तुकडा घेऊन गेला. पूर ओसरला, आम्ही घरं धुतली. गौरी-गणपतीत एका सकाळी मोती तीन पायांवर उभा. चौथा नुसता टोकावर टेकवलेला, घामाघूम. बघणाऱ्याला वाटावं हाडच मोडलं.

खुरात पू झाला की असंच दिसतं. कालपर्यंत चालणारा घोडा आज पाय टेकवत नाही, कारण आत पू साठतो आणि बाहेरची भिंत तसूभरही ताणत नाही. खूर हाताला गरम लागतो, आणि घोट्याच्या मागं दोन्ही अंगांनी बोट ठेवलं तर एरवी शोधावी लागणारी नाडी ठणठण उडते. डॉक्टर आले. त्यांनी चिमट्यानं तळवा कडेकडेनं दाबत नेला. एका जागी मोतीनं पाय हिसकावला, तिथं सुरीनं अगदी थोडं कोरलं आणि राखाडी, पातळ, घाण वासाचा पू आला. जागा लहानच उघडली होती, पू गळेल एवढी. मोठं भोक पाडलं की आतला नाजूक भाग बाहेर येतो आणि दुखणं लांबतं. मग रोज कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा, अळशीचं पोटीस बांधायचं, वरून जाड कापड आणि प्लॅस्टिक. धनुर्वाताची लस आधी दिली होती, तरी डॉक्टरांनी पुन्हा खात्री करून घेतली. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याएवढं कुणी बळी पडत नाही. पायाला जखम आणि लस नाही, हा धोका कुणीही घेऊ नये.

थोडा पू वरच्या अंगानं केसांच्या कडेलाही फुटला होता. तिथं एक आडवी चीर राहिली. ती चीर भिंतीबरोबर खाली सरकत गेली. दिवाळीत ती केसांखाली बोटभर उतरली होती, उन्हाळ्यात मधे, आणि शेवटी एकदा कानशीखाली घासली गेली. घोड्याचा खूर हातात घेतला की मागच्या वर्षाचं असं काही ना काही वाचता येतं. चारा बदलला, ताप आला, पूर आला, सगळ्याची वळी भिंतीवर उमटते. वळ्या पुढून मागपर्यंत सारख्या अंतरावर असतील तर काळजी नसते. पण टाचेकडे रुंद आणि पुढं दाटीवाटीनं असतील, तर मी त्या घोड्याच्या मालकाला पहिलं विचारते, "खायला काय घालता?"

कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा गोड असतं. आमचा मुलूख गुळाचा. घोड्याला माया करायची म्हणजे गुळाचा खडा द्यायचा, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. वरातीची घोडी दारात आली की बायका ताटात गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कधी बुंदीचा लाडूही घेऊन येतात. देणाऱ्याचा हात मायेचा असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण लठ्ठ, मानेवर चरबीची वळकटी आलेल्या, दिवसभर खुंट्याला असलेल्या घोड्याला साखर आणि धान्य जास्त झालं की रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि खुरातली ती पापुद्र्यांची पकड सुटायला लागते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. पकड सुटली की आतलं हाड फिरतं किंवा खाली बसतं, आणि फार वाढलं तर तळव्यातून बाहेर येतं. पोतं उघडं राहून घोड्यानं एका रात्रीत धान्य खाल्लं, तरी हेच होतं.

लॅमिनायटिस झालेल्या घोड्याची उभं राहण्याची तऱ्हा एकदा बघितली की विसरत नाही. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, सगळा भार मागं, वळवायला गेलं तर पाय जमिनीवरून सुटत नाहीत. ही वाट बघायची वेळ नाही. डॉक्टरांना फोन, चंदी बंद, फक्त वाळलेलं गवत, ठाणात गुडघाभर मऊ अंथरूण, आणि पहिले दोन-तीन दिवस चारही पाय सतत बर्फाच्या पाण्यात. आमच्याकडे बर्फ म्हटलं की लोक बिचकतात. गरम शेक द्यायची सवय आहे. पण या दुखण्यात सुरुवातीला थंडच लागतं, आणि सुरुवात निघून गेल्यावर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. लंगडतो म्हणून त्याला जबरदस्तीनं चालवणं तर मुळीच नको.

इथं म्हशीचा अनुभव घोडीला लावणाऱ्यांना हात जोडून सांगते. म्हैस व्याली आणि वार पडायला अर्धा दिवस लागला तरी आपण थांबतो. घोडीचं तसं नाही. व्याल्यावर तीन तासांत वार पडली नाही तर डॉक्टर दारात हवेत. आत राहिलेल्या वारेचं विष रक्तात जातं आणि घाव खुरांवर बसतो, हाच लॅमिनायटिस होतो. व्यालेली घोडी आणि तिचे पाय यांचा संबंध आमच्या भागात कित्येक जुन्याजाणत्यांनाही जोडता येत नाही, आणि चांगली जनावरं यात गेलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे नाल ठोकायला चाचा येतात. वय झालंय, पण मोटारसायकलला पिशवी अडकवून वडगावच्या बाजारापासून इकडं गगनबावड्याच्या रस्त्यापर्यंत फिरतात. त्यांचं पोट घोड्यांवर चालत नाही, बैलांवर चालतं. ऊसतोड सुरू झाली की कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या मारायचं काम त्यांना पहाटेपासून असतं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या. बैल दोरखंडानं आडवा पाडून पाय बांधून मारायच्या. स्टेशनवरचे टांगे गेले, तसे घोड्याचे म्हणावेत असे नालबंदही गेले. आता जी तरुण पोरं हे काम करतात ती बैलांवर शिकलेली. बैलाला पुतळी नसते. ती पोरं घोड्याची पुतळी दिसली की कोरून साफ करतात, तळवा पांढरा दिसेपर्यंत तासतात आणि म्हणतात, कसा चकाचक झाला बघा. तो तळवा म्हणजे आतलं हाड आणि रस्ता यांच्यातली बोटभर जाडीची ढाल असते. तासून पातळ केला की पहिल्याच खडीवर घोडा बसका चालतो.

चाचा तळव्याला सुरी जवळजवळ लावतच नाहीत. पुतळीचे लोंबणारे तुकडे तेवढे काढतात. त्यांचा सगळा वेळ खूर मोजण्यात जातो: घोडा सपाट जागी उभा करायचा, बाजूनं बघायचं, घोट्याखालच्या उताराची रेघ आणि खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ एका ओळीत आहे का. आमच्या भागात नव्वद टक्के बिघाड इथंच दिसतो, असं ते म्हणतात. पुढचं टोक लांब, टाच खाली बसलेली. लांब टोकाला प्रत्येक पावलाला वळायला जोर लागतो आणि तो ताण पायाच्या मागच्या बाजूच्या कंडरांवर आणि टाचेतल्या बारीक हाडावर पडतो. दुसरा बिघाड नालाचा. तयार नाल लहान निघाला तर खूर घासून नालाच्या मापाचा करायचा, हा सोपा रस्ता. चाचा ऐरणीवर नाल उघडत बसतात, खुराचं माप धरतात, टाचेला थोडी जागा मोकळी सोडतात.

मग खिळे. खिळ्याच्या टोकाला एका बाजूनं उतार दिलेला असतो. ती बाजू आत ठेवली की खिळा ठोकताना बाहेरच्या दिशेनं वळतो. भिंत आणि तळवा जिथं मिळतात तिथं फिकट रेघ असते, तिच्या बाहेरूनच तो गेला पाहिजे. ठोकताना चाचांचं लक्ष कानात असतं. घट्ट शिंगातून खिळा जातो तेव्हा प्रत्येक ठोक्याला आवाज करकरीत होत जातो. आवाज मऊ पडला, भद्द आला, की ते हातोडी थांबवतात. "ताई, खिळा आत चाललाय बघा," म्हणतात आणि काढून टाकतात. काढलेला खिळा उजेडात धरून बघतात, ओला आहे का, रक्त आहे का. कोरडा असला तरी त्या भोकात पुन्हा ठोकत नाहीत. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागं एकही खिळा नाही, म्हणजे टाचा फाकायला मोकळ्या राहतात. हे सगळं त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, आणि पुस्तकात लिहिलेलंही हेच आहे.

खिळा अगदी जिवंत भागात गेला तर घोडा तिथल्या तिथं सांगतो. जवळून गेला असेल तर आत दाब राहतो आणि दोन-तीन दिवसांनी लंगडणं सुरू होतं. म्हणून नाल मारल्यावर आठवडाभर मोतीच्या खुरावर रोज हात ठेवून बघते, कुठला खूर दुसऱ्याहून गरम आहे का. आणि नाल झिजला नाही म्हणून चार महिने ठेवायचा नसतो. लोखंड झिजलं नसलं, तरी त्याच्या वर खूर वाढत राहतो. सहा ते आठ आठवड्यांत नाल काढून, खूर घासून, तोच पुन्हा बसवला तरी चालतो. वरातीच्या घोड्यांच्या बाबतीत इथंच सगळं बिघडतं. तुळशीच्या लग्नानंतर तारखांवर तारखा, रात्री डांबरी रस्त्यावर, डीजेच्या भिंतीपुढं नाचायचं, आणि नाल वाजतो तोवर कुणी खाली बघत नाही. शेपटीला मेंदी असते, खुरांना काळा रंग असतो. रंग खरवडला की खाली फाटलेली भिंत दिसते.

मोतीला नाल का, याचं उत्तर रस्त्यात आहे. छकड्याला चालणारा घोडा डांबरावर आणि खडीवर जेवढा खूर घासतो तेवढा महिन्याला उगवत नाही. तो अनवाणी ओढत राहिला तर आठवड्यांत तळव्यावर येईल. ते काम त्याच्याकडून घ्यायचं असेल तर लोखंडाची जबाबदारी माझी.

लक्ष्मीचं काम वेगळं. तिच्यावर बसून रानातून, पाणंदीतून, कधी जोतिबाच्या डोंगराकडे जाते. तिचे नाल काढले तेव्हा ती पहिले काही महिने खडीवर पाय जपून टाकायची. त्या काळात तिला डांबरावर नेली नाही आणि दर चार-पाच आठवड्यांनी टोक गोल घासून घेतलं. अनवाणी म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे. नाल काढला आणि कानस थांबवली, तर भिंत फाकते, खालून चिरते, फिकट रेघेत माती शिरते आणि आत पोकळी पडते. अनवाणी घोड्याला उलट जास्त वेळा हात लावावा लागतो. हळूहळू तळवा जाड झाला, आत खोलगट झाला, पुतळी रुंद होऊन जमिनीला टेकायला लागली. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूचा जांभा आणि मुरूम यांनी त्यात जेवढं केलं तेवढं कुठल्या औषधानं केलं नसतं. काळ्या मातीत उभी राहून तिचा खूर तसा झाला नसता. म्हणून ठाणाबाहेर आम्ही एक पट्टा मुरूम आणि बारीक खडीचा केला, पाण्याचा हौद त्याच्या पलीकडे ठेवला. पाणी प्यायला दोघंही दिवसातून कितीदा तरी त्यावरून जातात.

आतल्या ठाणाला पूर्वी फरशी होती, ती काढली. ओली फरशी निसरडी होते आणि मूत तिच्यावर साचून राहतं. आता खाली दाबलेला मुरूम, वर उसाचं कोरडं पाचट. पाचट आमच्याकडे फुकट आहे, पण ते रोज उलटायचं आणि ओलं तेवढं उचलायचं काम फुकट होत नाही. पुतळीच्या सडीवर माझ्याकडचं सगळ्यात मोठं औषध हेच आहे. खाच कडक ब्रशनं साफ करते, कापडानं कोरडी करते, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनमध्ये भिजवलेला कापूस आत बसवते आणि तो रोज बदलते. लोक फिनेल ओततात, मोरचुदाची पूड दाबून भरतात. सडकं जळतं, त्याबरोबर खालची नवी पुतळीही जळते. तेल लावून खूर चकचकीत करणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण तेलानं भेगा बुजत नाहीत. पावसात फुगलेला खूर ऑक्टोबरच्या उन्हात आकसतो तेव्हा वाढलेल्या भिंतीला भेगा पडतात, आणि त्यावर उपाय वाढलेली भिंत वेळेवर घासणं हाच आहे. खूर मुळातच ठिसूळ असेल तर दिवसाला 20 मिलिग्रॅमपर्यंत बायोटिन देतात. त्याचा गुण नव्यानं उगवलेल्या खुरात दिसतो, म्हणून सहा-आठ महिने धीर धरावा लागतो.

मोतीचे मागचे नाल मी यंदा बसवलेच नाहीत. उसाच्या हंगामात छकड्याचं काम कमी ठेवलं, आणि मागच्या टोकांची झीज बघत गेले; पुढच्या पायात नाल, मागचे अनवाणी, हे त्याला मानवलं. चाचांना ते आधी पटलं नव्हतं. गेल्या खेपेला त्यांनी मागचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं पुतळी दाबली, टाचेची रुंदी बोटांनी मापली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या असंच."

मेअखेरीस पुढचेही निघतील. पावसाळ्यात छकडा बंद असतो, चिखल नाल ओढतो आणि खिळ्यांच्या भोकांतून ओल आत जाते, मग चार महिने लोखंड बाळगायचं कशाला? त्याआधी मुरमाचा एक डंपर टाकून घ्यायचा आहे, पाचट छपराखाली रचायचं आहे. चाचांचा नातू आता त्यांच्याबरोबर येतो, पाय धरतो, अजून हातोडी हातात मिळालेली नाही. त्याला कानस शिकवायला मोतीचे मागचे खूर द्यायचं आमचं ठरलंय. चाचांनी नवी कानस आणून ठेवायला सांगितलीय, जुनीचे दात गेलेत आणि ती खुरावर नुसती घसरते.